वाचकांचे प्रश्न : नकाशा तोच, मग पुढचा भाग कशाला?

प्रश्न : माझ्या भाच्याने निन्टेन्डोच्या स्विच या व्हिडिओ गेम यंत्रावर झेल्डा मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ जवळजवळ दोन वर्षे मन लावून खेळला. आता त्याला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा पुढचा भाग हवा आहे. परंतु त्यातही हायरूलचा प्रदेश तोच आहे, असे कळते. मग त्यासाठी पुन्हा पैसे का मोजावेत? शाळेत असताना मी स्वतः गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर पोकेमॉन मालिकेतला ‘रेड’ खेळलो होतो. ‘गोल्ड’ मात्र राहून गेला. पुढचा भाग पारखावा तरी कसा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण सराफ्याच्या गावचे आहात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दिवसा जिथे दागिन्यांची तोलमाप चालते, त्याच गल्लीत रात्री पेढ्या बंद झाल्यावर भुट्ट्याच्या किसासाठी आणि हिवाळ्यात गराडू या तळलेल्या कंदासाठी गर्दी उसळते. गल्ली तीच असते, तिथे जाण्याचे कारण बदललेले असते. पुढच्या भागाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे.

आपला राहून गेलेला ‘गोल्ड’ आणि त्याचा जोडीदार ‘सिल्व्हर’ (नावांनीही सराफाच!) जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये आले. पकडायचे पोकेमॉन, म्हणजे खेळातले प्राणी, १५१ चे २५१ झाले, ही गोष्ट जाहिरातीपुरती ठीक. खरा बदल कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत, बसवलेल्या घड्याळाचा होता. रात्र झाली की हूटहूट नावाचे घुबड गवतातून बाहेर येते, किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारीच भरते, आणि युनियन गुहेतल्या पाण्यात लॅप्रस फक्त शुक्रवारी भेटतो. त्यामुळे सकाळी तुडवलेली वाट रात्री जेवण झाल्यावर पुन्हा तुडवावीशी वाटते. जोहतो प्रदेशातील आठ बिल्ले जिंकून तिथले अजिंक्यपद मिळवले की ‘रेड’मधला कांटो हा प्रदेश खुला होतो, तोही तीन वर्षांनी म्हातारा झालेला : सिनाबार बेट ज्वालामुखीने गिळलेले, सफारी झोन बंद. हा उत्तरार्ध घाईने उरकला आहे, हे मान्यच करावे लागेल. तरीही सिल्व्हर पर्वतावरच्या गुहेत अखेरीस जो प्रतिस्पर्धी एक शब्दही न बोलता समोर उभा राहतो, तो रेड, म्हणजे शाळेत असताना आपण ज्याला बोटांनी चालवले तोच मुलगा असतो. (शेवट फोडल्याबद्दल क्षमस्व, पण पंचवीस वर्षांहून अधिक काळ पाळलेले गुपित आता सांगायला हरकत नसावी.) पहिला भाग न खेळलेल्याला या भेटीचे काहीच वाटणार नाही.

आता भाच्याच्या खेळाविषयी. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मार्च २०१७ मध्ये आला, त्याचा पुढचा भाग मे २०२३ मध्ये. जमीन तीच असली तरी वर तरंगती बेटे आहेत आणि खाली जवळजवळ तेवढेच विस्तीर्ण, काळोखे पाताळ आहे. मात्र माझ्या मते या विस्तारापेक्षा नायक लिंकच्या नव्या शक्ती अधिक महत्त्वाच्या आहेत. पूर्वी ज्या कड्यावर चढताना पावसाने हात निसटत, त्याच कड्याखालच्या गुहेत शिरून आता छतातून थेट माथ्यावर निघता येते. फळ्या, चाके आणि पंखे एकमेकांना चिकटवून गाडी किंवा विमान बनवता येते. ओळखीचा डोंगर असा नवे कोडे घालतो, आणि तो ओळखीचा असल्यामुळेच ते कोडे सोडवण्यात मजा येते. कोड्यांची छोटी देवळे १२० वरून १५२ झाली, याने मला फारसा फरक पडला नाही. प्रत्येक मोठ्या मंदिराच्या शेवटी जुन्या युद्धाची तीच हकीकत थोड्याफार फरकाने ऐकवली जाते, हा तर उघड कंटाळा आहे.

तेव्हा खरेदीपूर्वी भाच्याला एकच विचारावे : नव्या खेळात तू सर्वांत आधी कुठे जाशील? एखाद्या गावाचे किंवा डोंगराचे नाव त्याच्या तोंडी चटकन आले, तर पैसे वाया जाणार नाहीत. पहिलाच भाग अर्धवट टाकलेला असेल, तर तूर्त थांबावे.

आपण स्वतःसाठी ‘गोल्ड’चे जुने कार्ट्रिज शोधणार असाल, तर एक काळजी घ्यावी. आतली नाण्याएवढी बॅटरी घड्याळही चालवते आणि जतन केलेला खेळही राखते. विकत घेताना खेळ जतन करावा, यंत्र बंद करून काही वेळाने पुन्हा सुरू करावे आणि आपली नोंद शिल्लक आहे का ते पाहावे. नसल्यास बॅटरी बदलता येते, पण ती डाख देऊन बसवलेली असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बदलून घ्यावी.