लाकडाच्या लेथच्या हत्यारांना धार लावायला कोणतं मशीन घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरजवळ गावात राहता, छोटा लेथ घेतलाय, लाटणी आणि बाजेचे पाय बरे जमतात, आता वाडगे करायचेत. आणि धारेसाठी साधा सहा इंची ग्राइंडर, पाण्यात हळू फिरणारं मशीन की बेल्टवालं, इथे गाडी अडलीय.

माझं मत सरळ आहे. साधा बेंच ग्राइंडर घ्या, पण आठ इंची, अर्धा एचपी, आणि मिळाला तर मिनिटाला १४४० फेऱ्यांचा. त्यावर आलेलं करडं चाक काढून पांढरं बसवा. उरलेले पैसे हत्यार धरायच्या जिगवर घाला. मशीन भारी असो की हलकं, दर वेळी तोच कोन परत मिळाला तर धार पटकन लागते, नाहीतर दर वेळी हत्याराचं तोंड नव्याने घडवत बसावं लागतं.

सुताराची पटाशी सकाळी एकदा घासली की बराच वेळ चालते. लेथवर तसं नाही. चार इंची ओंडका मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर एका मिनिटात तीनशे मीटरहून जास्त लाकूड धारेखालून जातं. त्यात आपल्याकडचा साग. त्याच्यात सिलिका असते, ती धार खाते. वाळलेली बाभूळ तर विचारूच नका. म्हणजे एका वाडग्यात चार-पाचदा ग्राइंडरकडे जावं लागणार, आणि प्रत्येक खेप अर्ध्या मिनिटात उरकली पाहिजे. पाण्याचं मशीन इथेच मागे पडतं. स्वीडनच्या टॉरमेकचं चाक मिनिटाला ९० फेरे घेतं, धार अप्रतिम देतं, हत्यार तापत नाही. पण एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) गाऊजचा, म्हणजे खोबणीच्या गोल पटाशीचा, आकार बदलायचा म्हटलं की अर्धी दुपार जाते, आणि किंमत पाहिली तर मी तेवढ्यात लाकूड भरून ठेवीन. पटाश्या, रंध्याची पाती, चाकू असं सगळंच करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

बेल्टवालं वाईट नाही. कोन बसवायला सोपं, नवशिक्याला पटकन जमतं. पण पट्टे संपत राहतात आणि चांगले पट्टे आपल्याकडे दर वेळी मिळतीलच असं नाही. ग्राइंडरचं चाक कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं.

आता वेगाचं. बाजारात मिळणारे बहुतेक ग्राइंडर २८०० ते २९०० फेऱ्यांचे असतात. सहा इंची चाकाची कड त्या वेगात सेकंदाला साधारण २३ मीटर पळते, आठ इंची चाक १४४० वर १५ मीटर. हळू पळणाऱ्या कडेवर हात स्थिर ठेवायला वेळ मिळतो आणि धातू कमी उडतो. १४४० वाला नाहीच मिळाला तर अडून बसू नका, २८०० वर हलक्या हाताने काम होतं.

तापण्याची भीती कितपत बाळगायची ते हत्यार कशाचं आहे त्यावर आहे. एचएसएस पाचशे अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही, कडेला निळी झाक आली तरी घाबरू नका आणि पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. पण लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची बनवून घेतलेली हत्यारं असतील तर निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला समजा, ती पुन्हा पुन्हा पाण्यात गार करत घासायची. कोणतं काय हे ठिणग्यांवरून कळतं: कार्बन स्टीलच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या पांढऱ्या, फुटणाऱ्या, तर एचएसएसच्या लालसर, मंद, न फुटणाऱ्या. आणि जुन्या कानशीची हत्यारं करायचा मोह आवरा. कानस ठिसूळ असते, लेथवर अडकली तर तुकडा तोंडावर येतो.

चाक घेताना पांढरं अल्युमिनियम ऑक्साइड, ६० किंवा ८० ग्रिट (दाण्याचा बारीकपणा), ग्रेड (चाकाचा कडकपणा) जे किंवा के मागा. दुकानदार हिरवं पुढे करेल. ते कार्बाइडच्या अतिकठीण हत्यारांसाठी असतं, तुम्हाला नको. ग्राइंडरच्या दांड्याचा व्यास मोजून न्या. आपल्याकडे चाकाचं भोक बऱ्याचदा मोठं असतं आणि मधे प्लॅस्टिकच्या बुशा घालून भागवतात. त्या ढिल्या असल्या की चाक लचकत फिरतं आणि दोष मशीनवर जातो. चाकावर लिहिलेले जास्तीत जास्त फेरे मशीनपेक्षा जास्त हवेत. बसवण्याआधी चाक बोटावर लटकवून लाकडाने टिचकी मारा, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाजाचं चाक परत. सोबत डायमंड ड्रेसर, म्हणजे चाकाचं तोंड खरवडून ताजं करायचं हत्यार, घ्याच. चाक काळपट, गुळगुळीत झालं की ते धार लावत नाही, नुसतं तापवतं. सीबीएनचं (क्युबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण दाण्याचं) चाक फारसं झिजत नाही, ड्रेस करावं लागत नाही, पण महाग आहे आणि साधं मऊ लोखंड त्यावर घासायचं नाही. पहिल्या वर्षी नकोच.

जिग विकत घेतली तर उत्तम. नाहीतर वेल्डरकडून करून घ्या: चाकाखालून पुढे-मागे सरकणारी चौकोनी पट्टी, तिच्या टोकाला हत्याराचं बूड टेकायला व्ही आकाराचा खिसा, आणि गाऊज धरून डावी-उजवीकडे झुलणारा हात. हत्यार जिगच्या बाहेर नेहमी एकाच मापाने काढा. मी ४५ मिलिमीटर ठेवतो, त्यासाठी टेबलावर लाकडाचा ठोकळा ठोकलाय. कोन जुळवायला तोंडाचा घासलेला भाग मार्करने काळा करा, मशीन बंद ठेवून चाक हाताने थोडं फिरवा. शाई मागच्या बाजूने गेली तर पट्टी थोडी बाहेर, टोकाकडून गेली तर थोडी आत. पूर्ण रुंदीवर शाई निघाली की कोन जुळला. वाडग्याच्या गाऊजला ५० ते ५५ अंश, बाजेच्या पायांच्या गाऊजला ३५-४० पासून सुरुवात करा. धार लागली का ते दिव्याखाली पाहा: कडेवर पांढरी रेघ चमकली तर तिथे अजून बोथट आहे.

विजेचं विसरू नका. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आलं तर मोटरची ताकद जवळपास चाळीस टक्के घटते, आणि आठ इंची चाक जड. मोटर नुसती गुणगुणली, फिरली नाही, तर लगेच बटण बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. म्हणून पाव एचपीवर भागवू नका.

आणि ग्राइंडर लेथपासून लांब ठेवा. आपल्या उन्हाळ्यात भुसा इतका कोरडा असतो की एक ठिणगी पुरे. हत्यार टेकवायचं टेकण आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, चाकाच्या बगलेवर घासायचं नाही, चालू करताना समोर उभं राहायचं नाही, चष्मा लावायचाच.

मशीन आणायच्या आधी मोटरवरची पाटी आणि दांड्याचा व्यास इथे लिहा, चाक कोणतं बसेल ते सांगतो.