रोशा गवताच्या तेलाला गुलाबासारखा वास का येतो? ते गुलाबतेलाऐवजी चालेल का?

हा वास जिरॅनिऑल या सुगंधी अल्कोहोलमुळे येतो आणि तेच संयुग गुलाबाच्या तेलातही असते. तरीही रोशा तेल गुलाबतेलाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. रोशा गवत म्हणजे खानदेशात तिखाडी म्हणून ओळखले जाणारे गवत असून, त्याच्या ‘मोतिया’ जातीच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण साधारणपणे 70 ते 85 टक्के असते. 1871 मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे संयुग प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेही भारतातून गेलेल्या अशाच गवताच्या तेलातून. पूर्वी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तेथे महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई, इतके दोन्ही वास जवळचे आहेत. मात्र गुलाबाच्या सुगंधात सिट्रोनेलॉल आणि अत्यल्प मात्रेतील रोझ ऑक्साइड, डॅमॅसिनोन यांसारख्या घटकांचाही मोठा वाटा असतो, आणि ती खोली रोशा तेलात येत नाही. साबण व अगरबत्तीसाठी ते उत्तम आहे. त्वचेवर लावायचे असल्यास मात्र खोबरेल तेलात भरपूर पातळ करूनच वापरावे, कारण जिरॅनिऑलची काही जणांना ॲलर्जी होते.