‘तज्ज्ञ समितीचा सल्ला गोपनीय’ हे उत्तर मान्य करू नका

डाळिंबाच्या तेल्या रोगावर सरकारी पैशातून कोणतं संशोधन व्हायचं हे कुणाच्या सल्ल्याने ठरतं, असं तुम्ही एका संस्थेला विचारलंत आणि ‘तज्ज्ञ समितीचा सल्ला गोपनीय आहे’ असं एका ओळीचं पत्र आलं. दादा, हे उत्तर कायद्यात बसत नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 2 मध्ये माहितीची जी व्याख्या आहे तिच्यातच ‘मते’ आणि ‘सल्ला’ धरलेले आहेत. कलम 4 तर त्याहून पुढे जातं. सल्ल्यासाठी कोणत्या समित्या नेमल्यात आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना बघता येतात की नाही, हे कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचं असतं.

पण कलम दाखवलं म्हणून कागद मिळतोच असं नाही. कागदाचं नाव ठाऊक असावं लागतं. माझा पहिला अर्ज त्यापायीच वाया गेला होता. ‘संशोधन निधीबाबतची सर्व माहिती’ मागितली, उत्तर आलं की मागणी मोघम आहे.

तेव्हा नावं सांगतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रत्येक संस्थेला, म्हणजे सोलापूरचं डाळिंब केंद्र, मांजरीचं द्राक्ष केंद्र, नागपूरची कापूस संस्था अशा सगळ्यांना, एक संशोधन सल्लागार समिती असते. तिथले लोक तिला ‘आरएसी’ म्हणतात. अध्यक्ष बाहेरचा शास्त्रज्ञ असतो आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही असतात. दर पाच वर्षांनी ‘क्यूआरटी’ हे आढावा पथक येतं. दोघांच्या शिफारशींवर काय केलं याचा कार्यवाही अहवाल संस्थेला लिहावा लागतो. कितीतरी संस्था हे कागद संकेतस्थळावर ठेवतात, म्हणून अर्जाआधी तिथे बघा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या चार विद्यापीठांची मिळून संयुक्त अ‍ॅग्रेस्को, म्हणजे कृषी संशोधन व विकास समितीची बैठक, भरते. वाण, अवजारं, शिफारशी तिथे मंजूर होतात.

मंजूर झालेलं सगळं दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. नामंजूर झालेलं कुठेच येत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तेल्याचा एखादा प्रस्ताव कुणी मांडला होता का, तो परत पाठवला का, कारण काय लिहिलं, सदस्यांपैकी कुणाचं मत वेगळं होतं का, हे कळल्याशिवाय पैसा त्याच त्या विषयावर का जातो हे समजणार नाही. म्हणून अर्जात चार गोष्टी स्वतंत्र मागा: सदस्यांची यादी, त्यांनी हितसंबंध जाहीर केले असतील तर ती पत्रं, नामंजूर प्रस्ताव कारणांसह, आणि कार्यवाही अहवाल.

हे मी इतकं लावून का धरतो, तर नागपूरचंच उदाहरण घ्या. बिकानेरी नर्मा बीटी हा (बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेला) कापूस तिथल्या कापूस संस्थेसह सरकारी संस्थांनी सार्वजनिक पैशातून तयार केला. सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याला बी घरी राखता येणार होतं. 2008 मध्ये मान्यता मिळाली, 2009 मध्ये बियाणं आलं आणि त्यात मोन्सॅन्टो या खासगी कंपनीच्या वाणातलं जनुक आढळल्यावर विक्री थांबवावी लागली. पुढे चौकशीसाठी सोपोरी समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2012 मध्ये बाहेर आला तेव्हा कुठे नेमकं काय चुकलं हे लोकांना वाचता आलं. मधली वर्षं विदर्भातला शेतकरी अंधारातच होता.

उलट बीटी वांग्याच्या वेळी, ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या जनुकीय पिकांना मंजुरी देणाऱ्या समितीने (जीईएसी) मान्यता दिली आणि लगेच तज्ज्ञ अहवाल लोकांच्या हरकतींसाठी खुला झाला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूर धरून सात शहरांत सुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगितीचा निर्णय कारणांसह छापला. निर्णय कुणाला पटो न पटो, तो कशावर उभा आहे हे प्रत्येकाला तपासता आलं. त्याच वर्षी सहा विज्ञान अकादमींनी जीएम (जनुक बदललेल्या) पिकांवर अहवाल दिला. तो सगळ्यांसमोर होता, म्हणूनच त्यातला मजकूर दुसरीकडून उचललेला आहे हे उघडकीस आलं.

एक बाजू मात्र मी मान्य करतो. एखाद्या प्रकल्पाचं गुप्त परीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव झाकलं तर ते रास्त आहे, नाहीतर कुणी मोकळेपणाने वाईट लिहिणार नाही. पण त्यासाठी कलम 10 आहे. नाव खोडून बाकीचा अभिप्राय देता येतो. ‘व्यापारी गुपित’ म्हणाले तर व्यापक जनहिताचा मुद्दा प्रथम अपिलात मांडा.

प्रती मागण्याआधी फाइलचं अवलोकन मागा. केंद्राच्या कार्यालयात पहिला तास मोफत असतो. इतिवृत्तात दोन ओळी असतात, खरा वाद फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणीत सापडतो. विद्यापीठाला अर्ज करणार असाल तर राज्याच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. मसुदा इथे टाका, तेवढ्यात बसवून देतो.