वाचकांचे प्रश्न: दीदातसाहेबांकडून काय शिकावं?

प्रश्न: सर, माझा धाकटा मुलगा बारावीला आहे. रात्र-रात्र मोबाइलवर अहमद दीदात यांची भाषणं ऐकतो आणि म्हणतो, मलाही तसंच व्हायचंय. परवा वर्गातल्या ख्रिश्चन मित्राशी कडाक्याचं भांडला. हे गृहस्थ कोण होते? पोराला अडवू का?
— एक आई, निपाणी

उत्तर: आपा, अडवू नका. दीदातसाहेब हे दक्षिण आफ्रिकेतले इस्लामचे प्रचारक, ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी जाहीर वाद घालणारे. ते असे वक्ते कसे झाले, तेवढं फक्त त्याला सांगा.

त्यांचा जन्म 1918 चा, सुरतेकडच्या ताडकेश्वरचा. तेव्हा सुरत आणि आपलं बेळगाव एकाच मुंबई इलाख्यात होतं. वडील शिंपी, पोटासाठी दक्षिण आफ्रिकेत गेलेले. 1927 मध्ये अहमदही तिकडे गेला आणि काही महिन्यांत इकडे आई वारली. पोरगा हुशार, पण पैशाअभावी शाळा सुटली. मग नाताळ प्रांतात एका मिशनजवळच्या दुकानात नोकरी. तिथे येणारे मिशनरी विद्यार्थी इस्लामवर टोचून प्रश्न विचारत आणि याला उत्तर देता येत नसे. अशातच रहमतुल्लाह कैरानवींचं, मिशनऱ्यांना उत्तर देणारं ‘इजहारुल हक’ हे पुस्तक हाती लागलं. 1854 मध्ये आग्र्यात पाद्री फांडर यांच्याशी जाहीर वाद घालणारे ते हेच कैरानवी. दीदात यांनी ते पुस्तक वाचलं आणि त्यानंतर बायबलमधले उतारेच्या उतारे पाठ केले.

तुमच्या मुलाने लक्ष द्यावं ते इथे. अध्याय आणि वचनाचा आकडा सांगून ते उतारा तोंडपाठ म्हणत. श्रोत्यांना प्रश्न टाकत, थांबत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. 1942 च्या पहिल्या भाषणाला डर्बनच्या एका सिनेमागृहात जेमतेम पंधरा माणसं होती. 1986 मध्ये अमेरिकेत तिथले ख्रिस्ती धर्मप्रचारक जिमी स्वॅगर्ट यांच्यासमोर ते उभे राहिले, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. त्याच वर्षी त्यांना सौदी अरेबियाचा किंग फैसल पुरस्कार मिळाला. 1996 मध्ये पक्षाघाताने वाचा गेली. पुढची नऊ वर्षं, 2005 मध्ये डोळे मिटेपर्यंत, ते अक्षरांच्या तक्त्याकडे बघत, डोळ्यांच्या खुणेने बोलत.

तरी एक गोष्ट मला पटत नाही आणि ती मी स्पष्ट सांगतो. समोरच्याला निरुत्तर करण्यात ते फार रमत. हा सूर दक्षिण आफ्रिकेतल्या काही मुसलमानांनाही रुचला नव्हता. निरुत्तर झालेला माणूस मनाने जवळ येतोच असं नाही, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या हाती तेवढाच आवेश लागतो. मागची मेहनत मोबाइलवर दिसत नाही.

त्याला जुम्म्याचं, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं बयानही नीट ऐकू द्या. आपल्याकडचे मौलाना आधी हम्द, म्हणजे अल्लाहची स्तुती म्हणतात, मग अरबी आयत, मग उर्दूत अर्थ, आणि समोर तंबाखूच्या वखारीतले हमाल बसलेत हे दिसलं की सरळ दखनीवर येतात. मापात मारू नका, मजुरी थकवू नका, बहिणीचा वाटा द्या. तिथे कुणाला हरवायचं नसतं. घरी दखनी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड बोलणाऱ्या माणसाला कळेल असं बोलणं मला वादविवादापेक्षा अवघड वाटतं. मुलाला म्हणावं, एक आयत घे आणि आजीला कळेल अशी सांगून दाखव.

माझ्याकडे मराठी बायबल आहे. सुट्टीत त्याला बेळगावला माझ्याकडे पाठवा, आम्ही बसून वाचू. अट एकच, ज्या मित्राशी भांडला त्याला बरोबर आणायचं.