न्यूडियसटर्शियन : इंग्रजीतला ‘परवाचा’

‘न्यूडियसटर्शियन’ या शब्दाचा अर्थ काय आणि त्याचा ‘न्यूड’शी काही संबंध आहे का, असा प्रश्न आला आहे. संबंध अजिबात नाही. ‘न्यूड’ आला तो ‘नूडुस’ म्हणजे नग्न या लॅटिन शब्दातून. आपल्या शब्दामागे आहे ‘नूडिउस तेर्तिउस’ हा लॅटिन शब्दप्रयोग, आणि त्याचा अर्थ आहे ‘परवा’, तोही फक्त होऊन गेलेला परवा.

त्याची फोड मला फार आवडते. ‘नू’ म्हणजे आता, ‘डिउस’ म्हणजे दिवस, ‘तेर्तिउस’ म्हणजे तिसरा. ‘आज तिसरा दिवस आहे’ एवढं अख्खं वाक्य त्यात दडलेलं आहे. संस्कृतातले नु, दिव, तृतीय हे तिन्हींचे सख्खे भाऊ.

पण परवाला होतात दोनच दिवस, मग तिसरा कसा? रोमन लोक मोजताना सुरुवातीचा दिवसही धरत. आपण बारशाचा बारावा दिवस मोजताना जन्माचा दिवस पहिला धरतो, तसंच. ज्युलियस सीझरने लीप दिवस ‘दर चौथ्या वर्षी’ घालायचा नियम केला होता; याच सवयीमुळे त्याच्यानंतर रोमच्या पुरोहितांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला आणि तो दिवस दर तीन वर्षांनी घातला. ती चूक पुढे सम्राट ऑगस्टसला निस्तरावी लागली.

इंग्रजीत हा शब्द आणला नथॅनिएल वॉर्ड या प्युरिटन धर्मोपदेशकाने. त्याचं पुस्तक लंडनमध्ये १६४७ साली छापलं गेलं. राणीने या आठवड्यात कोणता पोशाख केला, दरबारातली ‘न्यूडियसटर्शियन’ फॅशन कोणती, अशा चौकशा करणाऱ्या बाईवर त्यात त्याने कोरडे ओढले आहेत. म्हणजे अर्थ शब्दशः ‘परवाची’, पण सांगायचं होतं ‘अगदी ताजी’. शब्दकोशातला नुसता ‘परवाचा’ हा अर्थ म्हणूनच मला अपुरा वाटतो. ‘परवापरवापर्यंत इथे शेत होतं’ असं म्हणताना आपणही दिवस मोजत नसतो.

येणाऱ्या परवासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, ‘पेरेंडिए’. त्यावरून इंग्रजीत ‘पेरेंडिनेट’ झाला : काम परवावर ढकलणे. तोही आता वापरात नाही. मराठीत मात्र दोन्हीकडचा परवा एकच. ‘परवा आला’ की ‘परवा येईल’, ते क्रियापद सांगतं.