घाटातले वॉट लॅपटॉपवर

प्रश्न : सायकलसाठी सेकंडहँड पॉवरटॅप हबचं (पायडल मारण्याची ताकद वॉटमध्ये मोजणारं) चाक घेतलंय. सिंहगडाच्या चढाची नोंद हँडलवरच्या डिस्प्लेत आहे, लॅपटॉपवर मात्र लिनक्स. कमांड लाइनवरून फाइल काढता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येईल की! डिस्प्ले ज्यात बसवून लॅपटॉपला जोडतात त्या यूएसबी क्रेडलमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप असेल, तर लिनक्स तिला आपसूक ओळखतं. क्रेडल जोडा, 'डीमेसेज' (dmesg) कमांड मारा. शेवटच्या ओळींत 'टीटीवाययूएसबी०' (ttyUSB0, म्हणजे क्रेडलला मिळालेलं नाव) दिसलं की निम्मं काम फत्ते. 'परमिशन डिनाइड' आलं, तर उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) स्वतःला 'डायलआउट' (dialout) या अशी उपकरणं वापरायची परवानगी असलेल्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लोक इथे सरसकट 'सुडो' (sudo, म्हणजे 'रूट' या मुख्य खात्याच्या अधिकाराने कमांड चालवणं) मारतात. मला ते पटत नाही. फाइलची मालकी रूटकडे जाते आणि मग निस्तरत बसा! गोल्डन चीता या मोफत सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तींत 'पीटीडीएल' (ptdl) कमांड होती, ती डिस्प्लेतून फाइल काढायच्या याच कामाची. फाइल उघडून वॉट, केडन्सचे (पायडल फिरवण्याच्या वेगाचे) आकडे नीट दिसेपर्यंत डिस्प्लेची मेमरी अजिबात पुसू नका. उतारावर पाय थांबले असतील तिथे शून्य वॉट दिसतील. घाबरू नका, पायडल मारलंच नाही तर हबला टॉर्क (फिरवणारा जोर) मिळणार कुठून?