रात्रीच्या डब्यातील आवाज

प्रश्न : पत्नीच्या उपचारांसाठी आम्ही दर दोन महिन्यांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जातो. गेल्या खेपेस समोरच्या बर्थवरील तरुण कुर्डुवाडी मागे पडली तरी मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ पाहत होता. ‘काय बे, गाडी म्हणजे घर वाटलं का?’ असे मी म्हणताच ‘झोप येत नसेल तर विमानाने जा’ असे उत्तर मिळाले. माझे काही चुकले का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, चुकला तो केवळ ‘बे’. सोलापुरात मित्राला ‘काय बे’ म्हटले तर त्यात जिव्हाळा असतो, परंतु अनोळखी तरुणाला चारचौघांत तोच शब्द ऐकवला की तो व्हिडिओचे विसरतो आणि अपमानाचे तेवढे धरून बसतो. ‘दादा, सकाळी उतरून हिला दवाखान्यात न्यायचं आहे, जरा इअरफोन लावता का?’ एवढे हळू आवाजात म्हटले असते, तर बहुधा काम झाले असते.

नियम आपल्याच बाजूने आहे. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपेची वेळ मानली जाते आणि या काळात इअरफोनशिवाय गाणी वा व्हिडिओ लावण्यास तसेच फोनवर मोठ्याने बोलण्यास मनाई आहे. सिद्धेश्वर सोलापुरातून सुटते तीच रात्री दहा वाजून गेल्यावर, त्यामुळे ‘आत्ताच तर बसलोय’ ही सबब या गाडीत मुळीच चालत नाही.

मात्र कुर्डुवाडी, दौंड किंवा पुण्याला अपरात्री चढणारा प्रवासी दिवा लावणार, बर्थचा क्रमांक शोधणार, पिशवी सीटखाली सरकवणार. तो आवाज टाळता येण्याजोगा नसल्याने सोसावाच लागतो. त्यावरही खेकसणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

विनंती करूनही कोणी ऐकले नाही, तर वाद न वाढवता तिकीट तपासनिसांना सांगावे. ते जवळपास नसल्यास १३९ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सहप्रवाशांच्या सुखकर प्रवासात जाणूनबुजून व्यत्यय आणणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४५ नुसार गुन्हा ठरू शकतो. तक्रार करताना पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक सांगावा. कोण कोणाला काय म्हणाले, याची हकिगत तेथे सांगू नये.